बुधवारच्या बाजारातलं कालबूत

नाशिकला गोदाघाटावर बुधवारी बाजार भरतो. भाजीच्या रांगा संपल्या की कडेकडेने जुनं लोखंड, बिजागऱ्या, कुलपं, बंद पडलेले पंखे मांडून माणसं बसलेली असतात. तिथेच एका काकांच्या गोणपाटावर लाकडाचं एक बिनचेहऱ्याचं डोकं दिसलं.

“डोकं घ्या दादा, सागवानी आहे.”

उचललं तर सागाच्या मानाने फारच हलकं. माथ्यावर आरपार फटी, आणि मधला तुकडा लहान मुलाच्या दुधाच्या दातासारखा हलत होता. काकांनी प्रामाणिकपणे आपणहून सांगितलं, “तेवढा तुकडा निसटतो, म्हणून अडीचशे. नाहीतर पाचशेला खाली दिलं नसतं.”

मी घासाघीस केली नाही. तो निसटणारा तुकडा हेच त्या वस्तूचं खरं मोल होतं.

हॅट बनवणारे ज्या लाकडी साच्यावर हॅटला आकार देतात, तो हा साचा. आपल्याकडे पगडी बांधायच्या किंवा जोडा शिवायच्या साच्याला कालबूत म्हणतात. तोच शब्द इथे चपखल बसतो. आता अडचण अशी, की काही हॅटचा माथा वर रुंद आणि खाली, डोकं शिरतं तिथे, अरुंद असतो. अशी हॅट एकसंध कालबुतावर चढवली तर उतरायचीच नाही. मडक्यात हात घालून लाडू धरला की मूठ बाहेर येत नाही, तसं. मग जुन्या कारागिरांनी कालबूतच पाच तुकड्यांचं केलं. मधे पाचर, भोवती चार तुकडे. काम झालं की पाचर खालून ओढायची, चार तुकडे आत ढासळतात, एकेक करून बाहेर काढायचे, आणि हॅट शाबूत राहते. मूठ सोडून हात काढण्याची ही युक्ती.

गेली काही वर्षं मी अशी अवजारं जमवतोय. पण नुसती काचेच्या कपाटात मांडायला नाही, वापरायला. कारण कालबूत काय करतं हे ते हातात घेऊन कळत नाही. त्यावर लोकर ताणली की कळतं.

लोकरीचा केस सूक्ष्मदर्शकाखाली कौलारू छपरासारखा दिसतो. खवले एकावर एक चढलेले, सगळ्यांची तोंडं केसाच्या टोकाकडे. त्यामुळे केस एका दिशेने सहज सरकतो, उलट सरकवला तर अडतो. पावसाळा सरल्यावर पांडवलेणीच्या डोंगरावर गवतातून चालून आलेल्या कुणालाही हे वेगळं समजवायला नको. मोज्यात शिरलेलं कुसळ पावलागणिक आतच सरकतं, आपणहून बाहेर कधी येत नाही. ओल्या, कोमट लोकरीला चोळत राहिलं की हजारो केस असेच मुळाच्या दिशेने सरकत एकमेकांत घुसतात आणि परत फिरत नाहीत. ना माग, ना सुई, ना दोरा, तरीही घट्ट कापड तयार होतं. हेच फेल्ट, आपल्याकडचा नमदा. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात मशीनला लावला की तो पोराच्या मापाचा होऊन निघतो, तो याच कारणाने. कापसाच्या तंतूला खवले नाहीत. म्हणून खादीची टोपी कापून शिवावी लागते, कांजी करून कडक इस्त्री मारावी लागते.

आमच्या पट्ट्यातल्या दख्खनी मेंढीची लोकर आणून मीही एकदा प्रयोग केला. मेरिनो मेंढीचा केस २० मायक्रॉनच्या आसपास असतो, ससा किंवा बीव्हरची आतली लव त्याहून बारीक. दख्खनी केस बराच जाड, राठ आणि सरळ. तो एकमेकांत गुंततो, पण दाट बसत नाही. दोन रविवार घालवून जे तयार झालं ते पाहून आई म्हणाली, “घोंगडीच आहे की ही, फक्त खड्डा पडलाय.” घोंगडीसाठी ही लोकर नंबर एक, चिंचोक्याची खळ दिली की पाऊसही अडवते. हॅटसाठी नाही.

लोकर चोळायच्या आधी ती पिंजावी लागते आणि इथे मला या संग्रहातला सगळ्यात मोठा आनंद मिळाला. युरोपातल्या हॅटवाल्यांच्या जुन्या चित्रांत एक लांबलचक धनुष्य टांगलेलं दिसतं. त्याला आतड्याची तात. कारागीर लाकडी खुंटीने तात छेडतो आणि खालच्या लवेचा ढीग हवेत उधळून थराथराने पसरतो. लहानपणी दारावर “पिंजारीऽऽ” अशी आरोळी आली की गादीचा कापूस अंगणात निघायचा आणि त्या पिंजणीचा घुमणारा टणत्कार गल्लीभर ऐकू यायचा. तेच यंत्र! थरथरणारी तात सेकंदात कित्येक वेळा तंतूंना फटका देते, गुंता सुटतो आणि मधे हवा शिरते. ससा असो की सरकी काढलेला कापूस, तातीला फरक पडत नाही.

आता आकार देण्याकडे येऊ. लोकर केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते, आपले केस आणि नखंही त्याचीच. लांब, पिळदार साखळ्या, आणि त्यांना एकमेकींशी बांधणारे दोन प्रकारचे बंध. एक गंधकाचे, चिवट. केस जळल्यावर नाकाला झोंबतो तो वास त्याच गंधकाचा. दुसरे हायड्रोजनचे, एकेकटे दुबळे पण संख्येने अफाट. पाणी आत शिरलं की हे दुबळे बंध सुटतात, साखळ्या सैल होतात. पाणी निघून गेलं की बंध पुन्हा जुळतात, पण त्या क्षणी साखळ्या जिथे असतील तिथेच. ओले केस घेऊन झोपलं की सकाळी ते जसे उभे राहतात, तसे दिवसभर राहतात, हे त्यातलंच. पूर्ण कोरडी लोकर मऊ पडायला १७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. चिंब ओली लोकर मात्र साध्या हवेतही मऊच असते. लोकर तिच्या कोरड्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वाफ पोटात घेऊ शकते, तीही हाताला ओली न लागता.

म्हणजे कालबुताचं काम काय? बंध सुटून पुन्हा जुळेपर्यंतच्या मधल्या वेळात लोकरीला धरून ठेवायचं. एवढंच. आणि हे एवढंच किती अवघड आहे ते पहिल्या हॅटला कळलं. नमदा चांगला ताणला, बुडाशी सुतळीने आवळला, टाचण्या ठोकल्या आणि तासाभरात उतरवून मिरवायला निघालो. संध्याकाळपर्यंत माथा बसला होता, गार पडलेल्या पुरीसारखा. आत ओल होती, बंध अर्धेच जुळले होते.

वाफेसाठी मी घरातलं मोदकपात्र वापरतो. (आईला हे वाचून दाखवणार नाही. गणपतीच्या आधी नवं घ्यावं लागलं, ते का, हे तिला अजून माहीत नाही.) वाफच का, नुसतं गरम पाणी का नाही? १ ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. तेच उकळतं पाणी पार ० अंशापर्यंत थंड केलं तरी जेमतेम १०० कॅलरी हाती लागतात. वाफ फेल्टच्या आत जाऊन तिथे पाणी होते, म्हणजे उष्णता आणि ओल दोन्ही हव्या त्या जागी, एकदम, सगळीकडे सारखी पोचतात. उकडीच्या मोदकाची पारी न फाटता शिजते ती याच गुणावर. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. मोदकाला चालतं, लोकरीलाही चालतं.

दुसरी फजिती चपड्याची. कालबूत कळकट दिसत होतं, म्हणून त्याला सुतारकामातलं स्पिरिटमधलं चपड्याचं पॉलिश मारलं. तीन हात. आरशासारखं झालं. पुढच्या वेळी वाफवलेलं फेल्ट चढवलं आणि ते जे चिकटलं ते खरवडून काढावं लागलं. चपडा म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुंबाच्या फांद्यांवर राहणाऱ्या चिमुकल्या किड्याने स्रवलेली राळ. ती ७५ अंशांच्या पुढेमागे मऊ पडते. वाफ ९८ची. बेरीज करायला मी विसरलो होतो. आता लाकडावर पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळतो.

गंमत म्हणजे हाच चपडा फेल्टच्या आत मुरवला तर हॅट कडक होते. १८४९ मध्ये लंडनच्या लॉक अँड कंपनीकडे एडवर्ड कोक नावाच्या गृहस्थाने मागणी नोंदवली. घोड्यावरून रानात फिरणाऱ्या आपल्या रखवालदारांच्या डोक्याला फांद्या लागतात, तेव्हा गोल, बुटकी, टणक हॅट हवी. थॉमस आणि विल्यम बोलर यांनी ती करून दिली. ती बोलर हॅट. तिचा टणकपणा लाखेचा, आणि लाख आपल्या देशातली मोठी पिकावळ. साहेबाच्या डोक्यावरचं हे शिरस्त्राण शेवटी पळसाच्या फांदीवरून आलेलं असायचं.

इथवर सगळं मजेचं. पुढचं नाही.

सशाची लव मेंढीच्या लोकरीसारखी सहज गुंतत नाही. म्हणून जुने कारखानदार कातड्यावर नायट्रिक आम्लात विरघळवलेला पारा फासत. त्याने केराटिनमधले ते चिवट गंधकबंधच तुटत, केस जुळून यायला तयार होई. वाळल्यावर केसांची टोकं नारिंगी दिसत, म्हणून इंग्रजीत त्या क्रियेचं नावच गाजरावरून पडलं. मग ही लव उकळत्या पाण्यात मळली जाई, वाफवली जाई, तापलेल्या इस्त्रीखाली दाबली जाई. प्रत्येक पायरीला पाऱ्याची वाफ. श्वासातून गेलेल्या पाऱ्याच्या वाफेचा सुमारे ८० टक्के भाग फुप्फुसातून रक्तात उतरतो आणि मेंदूपर्यंत जातो. हात कापू लागतात, जीभ अडखळते, माणूस बुजरा होतो, चिडचिडा होतो, कुणी पाहतंय म्हटलं की हातातलं काम सोडून देतो. अमेरिकेत कनेक्टिकटमधलं डॅनबरी हे हॅटचं गाव. तिथे या कंपाला गावाचंच नाव पडलं होतं. अमेरिकेच्या हॅट उद्योगातून पारा हद्दपार व्हायला १९४१चा डिसेंबर उजाडावा लागला.

इंग्रजीत वेड्या माणसाला हॅटवाल्याची उपमा देतात. आणि त्याच इंग्रजीत वेड्याला ‘डूलाली’ही म्हणतात. हे डूलाली म्हणजे आमची देवळाली! मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई इथल्या छावणीत महिनोन्महिने पडून राहायचे. कंटाळा, ऊन, वर हिवताप. त्यातून ‘डूलाली टॅप’ हा शब्दप्रयोग निघाला, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. नाशिकमध्ये बसून हॅटची अवजारं जमवणाऱ्याला घरचे काय म्हणत असतील, ते मग सांगायला नको.

पण विनोद बाजूला ठेवून संग्राहकांना एक सांगतो. जुनी फेल्टची हॅट मिळाली तर तिला वाफ देऊ नका, इस्त्री करू नका, झटकू नका. पारा अजून तिच्यात असू शकतो, संग्रहालयंसुद्धा अशा हॅट जपून, बंद करून ठेवतात. माझ्याकडच्या दोन हॅट जाड प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद आहेत. जुन्या कालबुताला पॉलिशपेपर मारायचा मोहही टाळा. त्यात काय काय मुरलंय ते धूळ होऊन नाकात जातं. ओल्या फडक्याने पुसलं की पुरे.

माझ्या कालबुताच्या बुडाला एक आकडा कोरलेला आहे, ६ ७/८. बरेच दिवस मला तो मालाचा नंबर वाटला. मग टेप लावून घेर मोजला, बरोबर २२ इंच. आपल्या टोपीवाल्याकडे आपण २२ नंबरची टोपी मागतो ती हीच, घेराच्या इंचांवरून. हॅटवाले मात्र व्यास मोजतात. शाळेत पाय (π) म्हणजे २२ भागिले ७ असं घोकलंय, तेव्हा २२ इंच घेराचा व्यास किती, हे पाटी न घेता सांगता येईल. ७. अमेरिकन हॅटचा नंबर ७ तो हाच. ब्रिटिश आकडा त्याहून अष्टमांश इंच कमी धरतात, म्हणून ६ ७/८. कोणतंच डोकं पूर्ण गोल नसतं, पण त्याची काळजीही कुणीतरी घेतली होती. १८४३ मध्ये पॅरिसच्या आलिए मेयार यांनी टाइपरायटरच्या दांड्यांसारख्या पट्ट्यांचा एक मुकुट बनवला. तो डोक्यावर ठेवला की प्रत्येक टेंगूळ, प्रत्येक खळगा नोंदला जाई आणि वरच्या कागदावर डोक्याचा छोटा नकाशा टोचून निघे. त्याचे फोटोच पाहिलेत मी. गोणपाटावर तो येईल अशी आशा नाही.

यंदा आषाढात एक राखाडी हॅट चढवली. या वेळी घाई केली नाही, चार दिवस राहू दिली. पाचव्या दिवशी पाचर ओढली तर ती हलेना. लाकूड आडव्या अंगाने ओल पिऊन फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यातही वर्तुळाच्या दिशेने ते जितकं फुगतं त्याच्या निम्मंच गाभ्याकडून सालीकडे. पाच तुकड्यांच्या रेषा पाच दिशांना, प्रत्येकाचं फुगणं वेगळं. वर पावसाळी हवा आणि माझी मोदकपात्राची वाफ. उन्हाळ्यात खुळखुळणारी पाचर चिरेबंद बसली होती. ठोकायची हिंमत नव्हती. आता हवा कोरडी पडेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, हॅट कालबुतासकट कपाटावर.

पुढच्या बुधवारी काकांना सांगितलं, “काका, तो तुकडा आता निसटत नाही.”

“बघा!” ते म्हणाले. “वरचे अडीचशे द्या मग.”