हाडाला भार कळतो, हे कसं उमगलं

१८६६ साली झुरिकमध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ हर्मान फॉन मायर यांनी मांडीच्या हाडाचे उभे काप मांडले होते. खुब्याजवळ हे हाड आतून भरीव नसतं, तिथे बारीक पट्ट्यांची जाळी असते. ती जाळी कार्ल कुलमान या अभियंत्याच्या नजरेस पडली. क्रेनच्या आकृतीत ताण आणि दाबाच्या ज्या रेषा ते काढत, जवळपास त्याच वाटांनी त्या पट्ट्या गेल्या होत्या. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा क्षण. हाड म्हणजे निव्वळ आधाराचा खांब, या समजुतीला तिथे तडा गेला.

पुढे १८९२ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी सिद्धान्तच मांडला: भार बदलला की हाडाची घडण बदलते. त्यांना यात काटेकोर गणित दिसत होतं. तेवढं ते टिकलं नाही, गाभा मात्र टिकला.

१९७७ मध्ये व्यावसायिक टेनिसपटूंच्या दंडांचे एक्स-रे तपासले गेले. रॅकेट धरणाऱ्या हाताच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत सुमारे ३५ टक्के जाड भरली. माणूस तोच, आहार तोच, फरक फक्त वापराचा. यापेक्षा स्वच्छ पुरावा शोधून सापडणार नाही. २०१७ मध्ये मध्य युरोपातल्या सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी स्त्रियांची हाडं अभ्यासली, तेव्हा त्यांचे दंड आजच्या स्पर्धक नौकापटू मुलींपेक्षाही मजबूत निघाले. इतिहासात न नोंदलेले त्यांचे कष्ट हाडांनी जपून ठेवले होते.

हाडाला हे कळतं कसं? भाराखाली हाड किंचित वाकतं, आतल्या सूक्ष्म नळ्यांतला द्रव हलतो आणि तिथल्या अस्थिपेशींना त्याची जाणीव होते. त्यासाठी तासन्‌तास राबावं लागत नाही. १९८४ च्या एका प्रयोगात पक्ष्याच्या पंखाच्या हाडावर दिवसाला ३६ वेळा भार दिला, तेवढ्यानं ते वाढलं. १,८०० वेळा देऊनही त्याहून जास्त वाढलं नाही.

हाडावर सर्वाधिक जोर बहुतेकदा शरीराच्या वजनाचा नसतो, स्नायूंच्या ओढीचा असतो. म्हणून हाड आणि स्नायू या दोघांची गोष्ट एकच. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना टॉमस डीलॉर्म या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्यानं वाढतं वजन उचलायला लावलं. १९४५ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध झाली.

उलट बाजू अंतराळात दिसली. तिथे भारच नसल्यानं खुब्याच्या हाडातलं खनिज महिन्याला साधारण १ ते १.५ टक्के घटतं. परतल्यावर स्नायू त्या मानानं लवकर सावरतात. हाडाला मात्र वर्षाहून जास्त काळ लागू शकतो, आणि कधी ते पूर्ण भरूनही येत नाही.