शिंगाळ आणि भुंडी गुरे

भुंडी गुरे म्हणजे जन्मतःच शिंगे न येणारी गुरे. शिंगे कापलेला, डागलेला किंवा झुंजीत मोडून घेतलेला बैल दिसायला भुंडा असला, तरी या नोंदीच्या अर्थाने तो भुंडा नव्हे. कापलेले शिंग पुढच्या पिढीत जसेच्या तसे उगवते. बडोद्याकडे गुजराती वळणाने अशा गाईला ‘बोडी’ म्हटलेलेही कानावर येते. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या परदेशी जातींत भुंडेपणाला आज चांगली किंमत आहे, आणि तो गुण शुद्ध म्हणवणाऱ्या जातीत आला कुठून, हा तिथल्या पैदासकारांचा जुना वाद आहे. गुजरातेत गोवंशाच्या कत्तलीवर बंदी आहे व २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली, त्यामुळे मांसाच्या गुरांचा धंदा इथे नाही. तरीही बडोद्याच्या वाचकाला हा वाद परका वाटायचे कारण नाही. ज्या गुरांवरून तो घातला जातो, त्यांतल्या काहींचे खापरपणजे याच मुलखातून जहाजावर चढले होते.

शिंगे येणार की नाही, हे गुरांच्या पहिल्या गुणसूत्रावरच्या एका जागी ठरते. तिथे भुंडेपणाचा गुण प्रभावी आहे व शिंगांचा अप्रभावी. आई किंवा बाप, एकाकडूनही भुंडेपणा मिळाला की वासरू भुंडे. शिंगे यायची तर दोन्हीकडून शिंगांचाच गुण यावा लागतो. यातून निघणारी गोष्ट गमतीची आहे. शिंगाळ जोडीला भुंडे वासरू होत नाही, पण दोन भुंड्या जनावरांना शिंगाळ वासरू होऊ शकते, कारण भुंड्याच्या पोटात शिंग लपून राहते. या एका गुणापुरते बोलायचे, तर शिंगाळ जनावर नेहमीच शुद्ध असते. शंका घ्यावी लागते ती भुंड्याची.

ती शंका फेडण्याची जुनी रीत सोपी होती. भुंडा वळू शिंगाळ गाईंना दाखवायचा. एक जरी शिंगाळ वासरू झाले, तर वळू दुहेरी गुणाचा, म्हणजे आई-बाप दोघांकडून भुंडेपणा मिळालेला, नाही हे पक्के. लागोपाठ ७ वासरे भुंडी निघाली, तर त्याच्यात शिंग लपलेले असूनही हा योग जुळून येण्याची शक्यता १२८ मध्ये १ एवढीच उरते. आता शेपटीचे चार केस प्रयोगशाळेत पाठवले की काम भागते. शिंगाळ आणि भुंडे यांच्या मध्ये एक त्रासदायक प्रकार आहे: काही भुंड्या जनावरांना, विशेषतः नरांना, कवटीला न जुळलेले, कातडीवर हलणारे शिंगाचे खुंट येतात. त्यांचा गुण वेगळा असून तो नर-मादीत वेगळा वागतो, म्हणून बाजारात अशा खुंटांवरून हमखास हुज्जत होते.

भुंडेपणा एकदाच उपजला असे नाही. अँगससारख्या बहुतेक युरोपीय मांसाळ जातींत आढळतो तो ‘केल्टिक’ प्रकार. त्यात जनुकीय मजकुरातली २१२ अक्षरे पुन्हा लिहिली गेली आहेत. होल्स्टीन-फ्रिजियनमधला प्रकार वेगळा, त्यात सुमारे ८० हजार अक्षरांचा तुकडा दुप्पट झालेला आहे. मंगोलियातल्या गुरांचा आणखी तिसरा, आणि ब्राझीलच्या भुंड्या नेलोर गुरांत सापडलेला ‘गुआरानी’ हा चौथा. शुद्धतेच्या वादात ही माहिती साक्षीदारासारखी उपयोगी पडते: एखाद्या जातीत भुंडेपणा कुठल्या प्रकारचा आहे, यावरून तो कोणाच्या घरून आला याचा माग लागतो. भुंडी गुरे मात्र फार जुनी आहेत. प्राचीन इजिप्तच्या चित्रांत ती दिसतात. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या सिथियातल्या बिनशिंगी बैलांची नोंद करून तिथल्या थंडीला त्याचे कारण ठरवले होते. तर्क चुकला, निरीक्षण बरोबर होते.

‘शुद्ध जात’ या शब्दाचा आजचा अर्थ वंशावळीच्या नोंदवहीने घडवला. शॉर्टहॉर्न गुरांची अशी पहिली वही इंग्लंडात १८२२ मध्ये निघाली. अ‍ॅबर्डीन अँगसची १८६२ मध्ये आली. अँगसमध्ये भुंडेपणा हीच जातीची खूण, शिंग दिसले की जनावर बाद. हेअरफर्डचे नेमके उलटे होते. ती शिंगाळ जात. अमेरिकेतल्या आयोवाच्या वॉरन गॅमन यांनी १९०० च्या सुमारास नोंदणीकृत हेअरफर्ड बाळगणाऱ्यांना पत्रे पाठवून विचारले, की कोणाकडे जन्मतः भुंडे जनावर निपजले आहे का. त्यातून ११ जनावरे हाती आली, आणि त्यांच्यावर भुंड्या हेअरफर्डची शाखा उभी राहिली. त्यांच्या वंशावळीत परके रक्त नव्हते, तरी शिंगाळ व भुंड्या हेअरफर्डच्या संस्था वेगळ्या चालत राहिल्या. १९९५ मध्ये त्या एक झाल्या. शॉर्टहॉर्नवाल्यांनी तर भाषाच काढली होती. गावठी भुंड्या गाईंवर शॉर्टहॉर्न वळू चढवून घडवलेली ती एकेरी दर्जाची, आणि दोन्ही बाजूंनी नोंदणीकृत शॉर्टहॉर्न असून भुंडी निघालेली ती दुहेरी दर्जाची, म्हणजे शॉर्टहॉर्नच्या आणि भुंड्यांच्या अशा दोन्ही वह्यांत बसणारी.

खरा पेच सिमेंटल, लिमोझिन यांसारख्या शिंगाळ जातींचा. अमेरिकेत त्यांच्यात भुंडेपणा बहुतांशी अँगससारख्या जातींकडून आणला गेला. पहिल्या संकरात निम्मे रक्त, मग दर पिढीला मूळ जातीचा वळू: ३/४, ७/८, १५/१६. बऱ्याच वह्यांत गाय ७/८ वर आणि वळू १५/१६ वर पोचला की ‘शुद्ध’ म्हणून नोंदला जातो. उरलेला सोळावा हिस्सा कुठे आहे, हे मात्र वही सांगत नाही. दर पिढीत भुंडेच निवडले, तर पहिल्या गुणसूत्रावरचा तो तुकडा व त्याच्या शेजारचा मजकूर नक्कीच परका राहतो. कट्टर मंडळी मूळ देशापासून अखंड वंशावळ असलेल्या जनावरालाच शुद्ध मानतात. धंद्यावर पोट असलेल्यांना हे सोवळे परवडत नाही. शिंगांमुळे वाहतुकीत गुरांची अंगे ठेचतात, मांस काळवंडते, गव्हाणीवर जास्त जागा लागते, आणि माणसालाही इजा होते. शिवाय वासराच्या शिंगांचे कोंब तापल्या लोखंडाने डागण्याचा खर्च आणि वेदना वाचतात. हे काम कोंब कवटीला जुळण्याआधी, साधारण पहिल्या दोन महिन्यांत करायचे असते. पुढे शिंगाचा गाभा पोकळ होऊन कपाळाच्या पोकळीशी जोडला जातो, तेव्हा शिंग कापणे म्हणजे कपाळ उघडे पाडणेच.

आता आपल्याकडे. गायकवाडी राज्याच्या अमरेली प्रांतातले धारी व कोडिनार हे भाग गीरच्या जंगलाला लागून, तर कडी प्रांत उत्तरेला कांकरेज गुरांच्या टापूजवळ. गुजरातच्या दोन्ही नामांकित जातींशी बडोद्याचा असा राज्यकारभारातून संबंध आला. या दोन्ही जाती ओळखायच्या त्या शिंगांवरूनच. गीरची शिंगे बुडाशी खाली व मागे वळतात आणि मग अर्धचंद्रासारखी वर येतात. कपाळ ढालीसारखे फुगीर, कान पानासारखे मुडपलेले. कांकरेजची शिंगे दणकट, वीणेच्या बाकाची, आणि त्यांच्यावर कातडी इतर जातींपेक्षा बरीच वरपर्यंत चढलेली. इथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. शिंग आहे की नाही, हे एका जागेवर ठरते, म्हणून त्यावरून रक्ताविषयी फारच थोडे कळते. शिंगाचा बाक, जाडी, कातडीची चढण ही अनेक गुणांची मिळून केलेली कामगिरी असते. पहिल्या संकरातच ती विसकटते. म्हणून गुरे राखणारा रबारी किंवा भरवाड शिंगांच्या वळणाला जपतो, त्यात निव्वळ हौस नाही. बैलांची जोड जमवतानाही शिंगाला शिंग जुळते का, हे आधी पाहतात. म्होरकीला शिंगांचा आधार लागतो. आणि पोळ्याला भुंड्या बैलाच्या शेंब्या घालायच्या तरी कुठे?

हीच गुरे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्राझीलला गेली. कांकरेज तिथे ‘गुझेरा’ झाली, म्हणजे गुजरातची; आंध्रातली ओंगोल ‘नेलोर’ झाली. अमेरिकेतली ‘ब्राह्मण’ जात गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठच्या गुरांतून बनली. तिची संस्था १९२४ ची. यातली कृष्णाकाठची जात स्वतःच सांगलीच्या संस्थानिकांनी गीर, ओंगोल, कांकरेज व स्थानिक गुरांच्या मिश्रणातून घडवलेली होती, हे विसरून तिथे शुद्ध ब्राह्मणाच्या गप्पा चालतात. ब्राझीलमध्ये १९४० च्या दशकात एका भुंड्या वळूपासून ‘ताबापुआ’ ही भुंडी झेबू, म्हणजे वशिंडाची, जात निघाली. झेबूतला हा भुंडेपणा तिथल्या जुन्या, युरोपीय वळणाच्या भुंड्या गुरांकडून आला असे सहसा मानले जाते. म्हणजे वशिंड भारतीय, माथा परका. गुझेरावाल्यांनी मात्र वीणेचा बाक सोडला नाही, तो अजून जातीची खूण आहे.

गुजरातेत शिंगाची एक दुखरी बाजूही आहे. कांकरेज व गीर बैलांत, विशेषतः मध्यम वयात, शिंगाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग होतो. शिंग एका बाजूला झुकते, ढिले पडते, नाकपुडीतून रक्त येते. जनावर सारखे डोके हलवते. उपाय म्हणजे शिंग मुळापासून काढणे. असा एकशिंगी किंवा बिनशिंगी बैल गावात दिसला, की नवखा माणूस त्याला भुंड्या जातीचा समजतो. ओळखायचे असेल तर दोन कानांच्या मधोमध टाळूवर हात फिरवावा. जन्मतः भुंड्याचा माथा वर निमुळता होत गेलेला लागतो. शिंग काढलेल्याचा सपाट, रुंद, आणि कडेला केस न उगवलेला खरखरीत वण.