नमुना आठ म्हणजे मिळकत पत्रिका नव्हे

दर गणपतीत हे ऐकतो. गावच्या जागेचा विषय निघाला की ट्रंकेतून ग्रामपंचायतीच्या असेसमेंटचा उतारा, म्हणजेच नमुना आठ, बाहेर येतो आणि काका ठामपणे सांगतात, "घरपट्टी आपण भरतो, म्हणजे जागा आपली." नाही हो काका.

सातबारा सगळ्यांना ठाऊक आहे. तलाठ्याकडचा आठ-अ शेताच्या खात्याचा, त्याचा ग्रामपंचायतीच्या नमुना आठशी संबंध नाही. एवढं पुरे.

खरी गफलत पुढे होते. नमुना आठ ही कर आकारणीची नोंदवही. तिच्यात मालकाचं नाव असतं आणि भोगवटा करणाऱ्याचंही. बांधकाम कसलं, कर किती, हे ग्रामपंचायतीला वसुलीसाठी हवं असतं. मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, भूमी अभिलेख खात्याची. तिच्यावर भूमापन क्रमांक, चौरस मीटरमध्ये क्षेत्र, सत्ताप्रकार (जमीन कोणत्या हक्काने धरली आहे ते), धारकाचं नाव, फेरफार, आणि जोडीला मोजणीचा नकाशा. पहिला कागद घराचा माग ठेवतो, दुसरा जमिनीचा.

घरात माणसं नांदती आहेत तोवर हा फरक टोचत नाही. पण २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ पाच टक्क्यांनी घटली, सिंधुदुर्गाचीही दोन टक्क्यांहून जास्त. घर बंद पडतं, कौलं सरकतात, दोन पावसाळ्यांत मातीची भिंत बसते. उरतं जोतं आणि पुढ्यातलं तुळशीवृंदावन. आकारणीतलं बांधकाम गेलं की चाकरमानी हबकतात, जागा गेली म्हणून. कर बदलला, जमीन कुठेही गेली नाही. तसंच, वर्षानुवर्षं पट्टी भरणारा चुलता तेवढ्यानेच मालकही होत नाही.

"ड्रोनने मोजलंय, आता काळजी नाही" हे तर मला अजिबात पटत नाही. गावठाणातल्या, म्हणजे गावच्या वस्तीच्या जागेतल्या, मिळकती ड्रोनने मोजून पत्रिका देणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. ड्रोन उडण्याआधी हद्दी चुन्याने आखायच्या असतात. ड्रोनला चुना दिसतो, वारस दिसत नाही. कुलूपबंद घराची हद्द दाखवायला कोणी गेलं नाही, तर शेजारी दाखवेल ती रेघ नकाशात येण्याचा धोका असतो. म्हणून रजा काढा, पण मोजणीला आणि नंतर हक्क कोणाचा ते तपासणाऱ्या हक्कचौकशीला हजर राहा. जुनं खरेदीखत, वाटणीपत्र, वारसांचे दाखले न्या. नमुना आठही न्या, तिथे तो पुरावा म्हणून उपयोगी पडतो. पत्रिका निघाली आणि तिच्यावर वारलेल्या आजोबांचंच नाव असेल, तर वारस नोंदीचा अर्ज तालुक्याला भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे करायचा. ग्रामपंचायतीत नाव बदललं म्हणजे तिथे बदलत नाही.

आणि कोकणातल्यांनी आधी एक पाहा: घर गावठाणात आहे का? वाडीतली कितीतरी घरं सातबाऱ्याच्या जमिनीवर आहेत. तिथे गावठाणाच्या मोजणीतून पत्रिका मिळणार नाही. तिथे सातबारा काढायचा आणि सामाईक नावांत आपलं आहे का ते शोधायचं.