डच वाक्यात क्रियापद कुठे बसते? नव्या विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

नोकरीनिमित्त आइंडहोवन किंवा आम्स्टलवेनला निघालेले बरेच जण डच वाक्य आधी इंग्रजीत जुळवतात आणि मग एकेक शब्द बदलतात. आमच्या वर्गात तसे करू नका, ही आग्रहाची विनंती. क्रियापदाच्या जागेबाबत डचला मराठी जास्त जवळची आहे.

हे पाहा. (डच शब्द उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत; 'ख' घशातून घासून काढायचा.)

ओमदात इक मॉर्खन नार उट्रेख्त खा.
कारण मी उद्या उट्रेख्तला जातो.

'नार' तेवढे गावाच्या नावाआधी आले. बाकी क्रम आपलाच. ओमदात (कारण), दात (की), आल्स (जर) यांनी सुरू होणाऱ्या गौणवाक्यात क्रियापद असे शेवटी जाते. भाषाशास्त्रज्ञ यान कोस्टर यांनी १९७५ साली मांडले की डच क्रियापदाची मूळ जागा शेवटचीच. मुख्य वाक्यात ते तिथून उठून दुसऱ्या जागी येते. आम्ही हेच सूत्र धरून शिकवतो, कारण मराठी माणसाला ते चटकन पटते.

मुख्य वाक्य: इक खा मॉर्खन नार उट्रेख्त. 'उद्या' आधी आणायचे असेल तर: मॉर्खन खा इक नार उट्रेख्त. कर्ता मागे सरकला, क्रियापद हलले नाही. 'मॉर्खन इक खा' ही चूक आम्हाला नेहमी ऐकू येते. जागा मोजताना सुटे शब्द मोजू नका. 'पुढच्या आठवड्यात शुक्रवारी' ही सगळी मिळून एकच जागा. हो-नाही प्रश्नात क्रियापद पहिले: खा ये मॉर्खन? (तू उद्या जातोस का? 'ये' म्हणजे तू किंवा तुला.)

क्रियापदे दोन असली तर कर्त्याप्रमाणे बदलणारे तेवढे पुढे येते, दुसरे शेवटीच थांबते: इक हेप खिस्टरन ब्रोट खकोख्त. आता गौणवाक्य करा: ओमदात इक खिस्टरन ब्रोट खकोख्त हेप, म्हणजे 'कारण मी काल पाव विकत घेतला आहे'. 'खकोख्त हेप', 'घेतला आहे': जोडी अगदी तशीच! (शेवटी 'हेप खकोख्त' म्हटले तरी चालते.) ओपबेलन, म्हणजे फोन करणे, हे क्रियापद तर मुख्य वाक्यात तुटते: इक बेल ये मॉर्खन ओप. गौणवाक्यात ते पुन्हा सांधले जाते: ओपबेल.

एक जागा मात्र जपून. 'वान्त' म्हणजेही कारण, पण त्यामागे मुख्य वाक्याचा क्रम लागतो: वान्त इक खा मॉर्खन नार उट्रेख्त. बोलताना अडलात तर वान्त सोपे. फक्त कोणी 'का?' असे विचारले तर उत्तर ओमदातनेच सुरू करा.

गौणवाक्य आधी आले तर ते अख्खे पहिली जागा घेते आणि दोन क्रियापदे शेजारी येतात: ओमदात हेत रेखन्त, ब्लैफ इक ताउस. पाऊस पडतोय म्हणून मी घरी राहतो.

पहिल्या तासाला येताना 'कारण'ने सुरू होणारी पाच वाक्ये मराठीत लिहून आणा. त्यांचेच डच करायला सुरुवात करू.