फायनान्शियल फेअर प्ले (फुटबॉल क्लबांवरील खर्चनियंत्रण)

फुटबॉल क्लबांनी आपल्या मिळकतीच्या प्रमाणात खर्च करावा, इतर क्लबांची, खेळाडूंची व सरकारची देणी वेळेवर चुकती करावीत आणि मालकाच्या खासगी संपत्तीवर अमर्याद विसंबून संघ उभारू नये, या हेतूने क्रीडासंघटनांनी घातलेली बंधने आणि त्यांच्या भंगाबद्दल ठरवलेल्या शिक्षा यांना मिळून ही संज्ञा वापरतात. काटेकोरपणे पाहता ती युरोपीय फुटबॉल संघटनेने (यूएफा) २०१० मध्ये संमत केलेल्या नियमांची आहे. व्यवहारात मात्र इंग्लिश प्रीमियर लीगचे ‘नफा व शाश्वतता नियम’ आणि स्पेनमधील खर्चमर्यादाही याच नावाखाली चर्चिल्या जातात. २०२२ नंतर यूएफाने स्वतः ‘आर्थिक शाश्वतता’ हा शब्दप्रयोग स्वीकारला, तरी जुने नाव मागे पडलेले नाही. त्या नावातील ‘फेअर’ या शब्दामुळे सर्व क्लबांना समान बळ मिळवून देणे हा या नियमांचा उद्देश असल्याचा समज होतो. मूळ रोख समानतेवर नसून देणी भागवण्याच्या क्षमतेवर आहे, आणि नियमांवरील बरीचशी टीका हा भेद नजरेआड झाल्यामुळे होते.

उगम : या कल्पनेचा उगम कोठे मानावा याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो इंग्लंडमधील कमाल वेतनाच्या नियमात शोधतात, काही जर्मनी व फ्रान्समधील परवाना पद्धतीत (हिशेब तपासूनच क्लबला लीगमध्ये खेळू देण्याच्या व्यवस्थेत), तर काही अमेरिकी व्यावसायिक खेळांतील वेतनमर्यादेत. यांपैकी तिसरे मत सर्वांत दुबळे वाटते. अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये १९८४–८५ पासून असलेली मर्यादा ही बंदिस्त लीगमधील संघांना सारख्या पातळीवर आणण्यासाठी आहे. तेथे पदावनती (तळाच्या संघाची खालच्या श्रेणीत रवानगी) नाही आणि खालच्या श्रेणीतून वर येणारा संघही नाही. युरोपीय नियमांची यंत्रणा परवाना पद्धतीतून आली आणि शिक्षेची परंपरा मात्र इंग्लंडमधील जुन्या प्रकरणांतून घडली, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूंना १८८५ मध्ये मान्यता मिळाली आणि १९०१ पासून खेळाडूचे कमाल वेतन आठवड्याला ४ पौंड ठरवण्यात आले. श्रीमंत क्लब छुप्या बोनसाच्या रूपाने ही मर्यादा ओलांडू लागले. १९०६ मधील मँचेस्टर सिटीचे प्रकरण या संदर्भात विशेष बोलके आहे. प्रतिस्पर्धी खेळाडूला लाच देऊ केल्याच्या आरोपावरून बिली मेरेडिथ हा त्यांचा नामवंत खेळाडू निलंबित झाला होता. निलंबनकाळातही त्याने क्लबकडे पैशांची मागणी चालू ठेवली आणि त्यातून नियमबाह्य देण्यांचा सगळा व्यवहार उघडकीस आला. फुटबॉल असोसिएशनने १७ खेळाडूंना दंड करून १ जानेवारी १९०७ पर्यंत निलंबित केले आणि पुन्हा त्या क्लबकडून खेळण्यास मनाई केली. व्यवस्थापक टॉम मॅली व क्लबचे अध्यक्ष यांनाही फुटबॉलमधून बाहेर काढण्यात आले. या खेळाडूंचा एका हॉटेलात जणू लिलावच झाला आणि मेरेडिथसह काही जण मँचेस्टर युनायटेडकडे गेले.

१९१९ मधील लीड्स सिटीचे प्रकरण याहून कठोर होते. महायुद्धाच्या काळात पाहुण्या (इतर क्लबांकडून तात्पुरत्या आलेल्या) खेळाडूंना बेकायदा पैसे दिल्याचा आरोप या क्लबवर होता आणि त्याने हिशेबाची कागदपत्रे चौकशी समितीपुढे ठेवण्यास नकार दिला. परिणामी त्याला चालू हंगामातच लीगमधून काढून टाकण्यात आले. येथे आरोप पैशांचा असला, तरी क्लबचा शेवट कागदपत्रे न दिल्यामुळे झाला. हे सूत्र पुढे शंभर वर्षांनी पुन्हा दिसते. कमाल वेतनाचा नियम खेळाडूंच्या संघटित विरोधामुळे १९६१ मध्ये रद्द झाला. त्या वेळी ही मर्यादा आठवड्याला २० पौंड होती.

जर्मनीत १९६३ मध्ये बुंडेसलीगा ही तेथील सर्वोच्च लीग सुरू झाली, तेव्हापासूनच क्लबांना परवाना आवश्यक होता. १९६५ मध्ये खेळाडूंना बर्लिनकडे आकर्षित करण्यासाठी मर्यादेबाहेर पैसे दिल्याबद्दल हेर्था बर्लिन या क्लबचे लीगमधील स्थान काढून घेण्यात आले. फ्रान्समध्ये क्लबांचे हिशेब तपासणारे राष्ट्रीय मंडळ सर्वसाधारणपणे १९८४ पासूनचे मानले जाते. १९९१ मध्ये कर्जबाजारी बोर्दो क्लबला मैदानावरील कामगिरी कशीही असली तरी खालच्या श्रेणीत ढकलण्यात आले. यूएफाने २००४–०५ च्या हंगामापासून लागू केलेली क्लब परवाना पद्धती या राष्ट्रीय व्यवस्थांचीच विस्तारित आवृत्ती म्हणता येईल.

यूएफाचे नियम : २००३ मध्ये रोमान अब्रामोविच यांनी चेल्सी आणि २००८ मध्ये अबू धाबीतील गुंतवणूकदारांनी मँचेस्टर सिटी विकत घेतल्यानंतर खेळाडूंच्या किमती व वेतने वेगाने वाढली. यूएफाच्या तत्कालीन पाहणीत युरोपातील निम्म्याहून अधिक क्लब तोट्यात असल्याचे आढळले. अध्यक्ष मिशेल प्लातिनी यांच्या कारकिर्दीत सप्टेंबर २००९ मध्ये तत्त्व म्हणून आणि मे २०१० मध्ये नियम म्हणून ही योजना संमत झाली. थकबाकीची तपासणी २०११ पासून आणि जमाखर्चाच्या समतोलाची तपासणी २०१३–१४ च्या हंगामापासून सुरू झाली. सुरुवातीच्या तपासणीकाळासाठी, मालकाने भागभांडवल घालून भरपाई केल्यास, एकूण ४.५ कोटी युरोपर्यंतचा तोटा क्षम्य होता. पुढे तीन वर्षांना मिळून ही मर्यादा ३ कोटींवर आली. मैदानाचे बांधकाम, युवा अकादमी आणि समाजोपयोगी कामे यांवरील खर्च हिशेबातून वगळला जातो. नंतर त्यात महिला फुटबॉलची भर पडली.

२०२२ मध्ये या नियमांची पुनर्रचना झाली. तोट्याची मर्यादा तीन वर्षांना ६ कोटी युरो झाली आणि आर्थिक स्थिती सुदृढ असलेल्या क्लबांना वर्षाला आणखी १ कोटीपर्यंत सवलत मिळाली. खरा नवा भाग संघखर्चाच्या प्रमाणाचा होता. खेळाडू व प्रशिक्षकांची वेतने, खरेदीशुल्काचा वार्षिक हिस्सा आणि दलालांचे मानधन यांची बेरीज क्लबच्या महसुलाच्या व खेळाडूविक्रीतील नफ्याच्या बेरजेच्या ठरावीक टक्क्यांपलीकडे जाऊ नये, अशी ही अट आहे. तिची पातळी टप्प्याटप्प्याने ९०, ८० आणि २०२५–२६ पासून ७० टक्के अशी खाली आणली गेली.

हिशेबाची पद्धत : नियमांचे मर्म जमाखर्चाच्या एका संकेतात आहे आणि तो समजल्याशिवाय क्लबांचे वर्तन उमगत नाही. खेळाडूसाठी दिलेले शुल्क एकाच वर्षी खर्ची पडत नाही. ते कराराच्या वर्षांवर यंत्राच्या घसाऱ्याप्रमाणे विभागले जाते. १० कोटी पौंडांना घेतलेल्या खेळाडूचा करार पाच वर्षांचा असेल, तर वर्षाला २ कोटी खर्च दिसतो. आठ वर्षांचा असेल, तर १.२५ कोटीच. विक्रीच्या वेळी मात्र संपूर्ण रक्कम त्याच वर्षात मोजली जाते आणि तिच्यातून खेळाडूचे पुस्तकी मूल्य (शुल्कातील अजून खर्ची न पडलेला भाग) वजा होते. वरील खेळाडू पाच वर्षांच्या करारातील तीन वर्षांनंतर ६ कोटींना विकला, तर त्याचे पुस्तकी मूल्य ४ कोटी उरलेले असल्याने वहीत २ कोटींचा नफा दिसतो. प्रत्यक्षात घेतले त्याहून ४ कोटी कमी मिळालेले असतात.

या संकेताचे दोन परिणाम झाले. चेल्सीने जानेवारी २०२३ मध्ये मिखाइलो मुद्रिक व एन्झो फर्नांडिस यांच्याशी आठ वर्षांहून अधिक काळाचे करार केले, तेव्हा यूएफाने ही विभागणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली आणि वर्षअखेरीस प्रीमियर लीगनेही तोच मार्ग धरला. दुसरा परिणाम अधिक खेदजनक आहे. क्लबच्या अकादमीत घडलेल्या खेळाडूचे पुस्तकी मूल्य शून्य असल्याने त्याच्या विक्रीची सगळी रक्कम नफा ठरते; त्यामुळे ज्या मुलांना क्लबने लहानपणापासून वाढवले, त्यांनाच हिशेबवर्ष संपण्यापूर्वी विकण्याचा मोह नियमांनीच निर्माण केला. अकादमीवरील खर्चाला सवलत देणारी व्यवस्था अकादमीचे फळ विकायला लावते, हा या रचनेतील गंभीर अंतर्विरोध मानावा लागेल.

उत्पन्नाच्या बाजूचा वाद प्रायोजकत्वाचा आहे. मालकाशी संबंधित कंपनीने बाजारभावापेक्षा जास्त रक्कम दिली, तर ते उत्पन्न नसून वेषांतर केलेले भांडवल ठरते. म्हणून अशा करारांचे रास्त मूल्य ठरवण्याचा अधिकार नियामकांनी स्वतःकडे ठेवला आहे.

शिक्षा : यूएफाच्या नियमांत ताकीद, दंड, बक्षीस-रकमेतील कपात, गुणकपात, नव्या खेळाडूंच्या नोंदणीस मनाई, संघातील खेळाडूंची संख्या घटवणे, स्पर्धेतून वगळणे आणि विजेतेपद काढून घेणे अशी चढती श्रेणी आहे. निर्णय घेणारे क्लब वित्तनियंत्रण मंडळ २०१२ मध्ये स्थापन झाले. त्याच्या चौकशी शाखेचे पहिले प्रमुख बेल्जियमचे माजी पंतप्रधान ज्याँ-लूक देहान होते. स्पेनमधील मालागा क्लबला डिसेंबर २०१२ मध्येच थकबाकीमुळे युरोपीय स्पर्धांतून बंदी झाली. मे २०१४ मध्ये मँचेस्टर सिटी व पॅरिस सेंट-जर्मेन यांना समझोत्याद्वारे प्रत्येकी ६ कोटी युरो दंड झाला. मात्र त्यातील ४ कोटी सशर्त राखून ठेवण्यात आले. चॅम्पियन्स लीगसाठी त्यांच्या संघाची संख्याही २१ वर आणण्यात आली. सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेन, युव्हेंटस, रोमा आदी आठ क्लबांशी एकूण १७.२ कोटी युरोंचे समझोते झाले, पण प्रत्यक्ष भरायची रक्कम २.६ कोटी होती. जुलै २०२५ मध्ये चेल्सीला ३.१ कोटी युरो दंड झाला आणि आणखी ६ कोटी सशर्त ठेवले गेले. ज्या क्लबांची एका खेळाडूची किंमत याहून जास्त असते, त्यांना अशा रकमा कितपत रोखतात, हा प्रश्न रास्त आहे.

यूएफापुढील मँचेस्टर सिटीचे दुसरे प्रकरण सर्वांत गाजले. नोव्हेंबर २०१८ मध्ये जर्मन नियतकालिक ‘डेर श्पीगेल’ने प्रसिद्ध केलेल्या अंतर्गत ईमेलांवरून प्रायोजकाचे पैसे वस्तुतः मालकाकडून आल्याचा आरोप झाला, क्लबने तो सातत्याने नाकारला. फेब्रुवारी २०२० मध्ये यूएफाने युरोपीय स्पर्धांतून दोन हंगामांची बंदी व ३ कोटी युरो दंड ठोठावला. जुलै २०२० मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने बंदी उठवली : काही आरोप सिद्ध झाले नाहीत आणि काही पाच वर्षांच्या मुदतीबाहेरचे होते. चौकशीत सहकार्य न केल्याबद्दलचा दंड मात्र १ कोटी युरो इतका कायम राहिला. येथे निर्दोषत्व व मुदतबाह्यता या दोन्ही गोष्टी एकाच निकालात आल्या असल्याने त्याचे एकेरी वाचन टाळले पाहिजे.

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या २०१३ मध्ये ठरलेल्या नियमांनुसार तीन वर्षांत कमाल १०.५ कोटी पौंडांचा तोटा क्षम्य होता. दंडाऐवजी गुणकपात हे तेथील मुख्य हत्यार ठरले. १२.४५ कोटींचा तोटा दाखवणाऱ्या एव्हर्टनचे नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण कापले गेले. अपिलात ते ६ झाले आणि एप्रिल २०२४ मध्ये पुढील काळासाठी आणखी २ गुण गेले. क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेल्यास ९ गुण कापले जातात, जसे २०१० मध्ये पोर्ट्समथचे गेले. त्या तुलनेत मर्यादा ओलांडल्याबद्दल १० गुण हे प्रमाण टिकण्यासारखे नव्हते. नॉटिंगहॅम फॉरेस्टने ६.१ कोटींची (तीनपैकी दोन वर्षे खालच्या श्रेणीत असल्याने कमी असलेली) मर्यादा ३.४५ कोटींनी ओलांडली होती. ब्रेनन जॉन्सन या खेळाडूला अधिक किंमत मिळावी म्हणून विक्री हिशेबवर्ष संपल्यावर, ३० जूननंतर केली, हा बचाव मान्य झाला नाही. लवकर दिलेल्या कबुलीमुळे मात्र ६ ऐवजी ४ गुणच कापले गेले. लेस्टर सिटी सप्टेंबर २०२४ मध्ये सुटला तो निराळ्या कारणाने : हिशेबवर्ष संपले त्या ३० जून २०२३ रोजी तो पदावनत होऊन प्रीमियर लीगचा सभासद उरलेला नव्हता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रीमियर लीगने मँचेस्टर सिटीवर २००९–१० पासूनच्या हंगामांसंबंधी आरोप ठेवले आणि त्यांची सुनावणी सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या काळात झाली. आरोपांचा रूढ झालेला ११५ हा आकडा नियमभंग कसे मोजावेत यावर अवलंबून असल्याने तो अंदाजे समजावा. त्यांतही एक गट सहकार्य न केल्याचा आहे, जसा लीड्स सिटीच्या बाबतीत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये लीगच्या क्लबांनी २०२६–२७ पासून तोट्याच्या मर्यादेऐवजी ८५ टक्के संघखर्चाचे प्रमाण स्वीकारण्याचे ठरवले.

स्पेनमध्ये शिक्षा नंतर करण्याऐवजी खर्च आधीच अडवला जातो. मर्यादेत न बसणाऱ्या खेळाडूची नोंदणीच होत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये लिओनेल मेस्सीला बार्सिलोना सोडावे लागले ते यामुळे.

मतभेद : टीकाकारांच्या मते हे नियम जुन्या श्रीमंतांचे स्थान पक्के करतात, कारण मिळकत आधीच मोठी असलेल्यांनाच मोठा खर्च करता येतो. दलाल डॅनियल स्ट्रियानी यांच्या वतीने बोस्मन खटल्यातील (करार संपलेल्या खेळाडूला शुल्काविना क्लब बदलण्याची मुभा देणाऱ्या) वकील ज्याँ-लुई द्युपाँ यांनी स्पर्धा कायद्याच्या आधारे नियमांना आव्हान दिले होते. २०१५ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो संदर्भ अग्राह्य ठरवला, त्यामुळे मूळ प्रश्नावर निर्णय झाला नाही. नियमांचे समर्थक हे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांच्या ‘शिथिल अंदाजपत्रकी बंधना’च्या संकल्पनेचा आधार घेतात : कोणीतरी वाचवेल अशी खात्री असलेली संस्था काटकसर करत नाही. युरोपातील प्रथम श्रेणीच्या क्लबांचा २०११ मधील सुमारे १७० कोटी युरोंचा एकत्रित तोटा २०१७ मध्ये सुमारे ६० कोटींच्या नफ्यात बदलला, हा त्यांचा प्रमुख पुरावा. याच काळात प्रक्षेपणहक्कांचे उत्पन्नही वाढले असल्याने सगळे श्रेय नियमांना देता येत नाही. तथापि तोटा कमी होण्यास त्यांचा हातभार लागला, हे मत अधिक ग्राह्य दिसते. स्पर्धेतील विषमता त्यांनी घटवल्याचा पुरावा मात्र दुबळा आहे.

भारतातील क्लबांना आशियाई फुटबॉल महासंघाची परवाना पद्धती लागू होते. यूएफाचे नियम येथे लागू नाहीत. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीतील बहुसंख्य भाग विकत घेतला होता.