स्मरणरंजन आणि काळाचा वेग

स्मरणरंजन म्हणजे सरून गेलेल्या काळाच्या हव्याहव्याशा, थोडी हुरहूर लावणाऱ्या आठवणींत रमणे. रोजच्या बोलण्यात यालाच नॉस्टॅल्जिया म्हणतात. चित्रपट, गाणी, मालिका आणि जाहिराती या आठवणींना निमित्त पुरवतात. त्याच वेळी 'अरे, याला इतकी वर्षं झाली?' असा धक्काही देतात. जुन्यात रमणे आणि काळ झपाट्याने गेला असे वाटणे या एकमेकांत गुंतलेल्या गोष्टी आहेत. म्हणून या नोंदीत त्यांचा एकत्र विचार केला आहे.

मराठी प्रेक्षकाला हा धक्का कसा बसतो, हे दोन चित्रपटांवरून दिसते. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ साली आला, तर आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' १९५३ सालचा. या दोहोंत ३५ वर्षांचे अंतर आहे. १९८८ मध्ये तिकीट काढून बसलेल्या तरुणाच्या लेखी 'श्यामची आई' हा आईवडिलांच्या जमान्यातला, कृष्णधवल, मान देऊन पाहायचा चित्रपट होता. २०२३ मध्ये 'बनवाबनवी'लाही नेमकी ३५ वर्षे झाली. तरी त्यातले संवाद कॉलेजच्या मुलांच्या तोंडी आहेत, त्यावरचे मीम रोज फिरतात आणि त्याला 'जुना चित्रपट' म्हणायला कोणाची जीभ रेटत नाही. कॅलेंडरचे अंतर सारखे असले, तरी मनातले अंतर सारखे नसते. १९५३ सालचा चित्रपट एकदा उतरला की पुन्हा कधी दिसेल याची शाश्वती नसे. १९८८ सालचा चित्रपट आधी टीव्हीवर, मग सीडीवर, मग मोबाइलवर आला आणि नजरेआड झालाच नाही. जे कधी दूर गेले नाही, त्याचे वय लक्षात येत नाही.

योगायोग असा, की २०२३ मध्येच सुजय डहाके यांनी 'श्यामची आई' नव्याने काढला आणि तो मुद्दाम कृष्णधवल ठेवला. मुळात साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तकही कोकणातल्या बालपणाच्या आठवणींचेच आहे. म्हणजे आजचा प्रेक्षक एका आठवणीची आठवण पाहत असतो, आणि तरीही त्याचे डोळे खरोखरच पाणावतात.

या भावनेचा इतिहास रुग्णाच्या खाटेपासून सुरू होतो. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात घरापासून दूर राहणाऱ्यांच्या झुरणीला नॉस्टॅल्जिया हे नाव दिले. तेव्हा तो आजार मानला जाई आणि घरी परतणे हा त्यावरचा इलाज असे. पुढे या शब्दातले घर मागे पडले आणि काळ पुढे आला. घरी परतता येते, १९८८ सालात परतता येत नाही. परदेशी गेलेल्या मराठी माणसांत मात्र दोन्ही अर्थ आजही एकत्र नांदतात. त्यांचे पुणे किंवा दादर बहुधा त्यांनी देश सोडला त्या वर्षीचे असते.

वयाबरोबर वर्षे आखूड का वाटतात, याचे एक जुने उत्तर फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल जाने यांनी एकोणिसाव्या शतकात दिले. दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा, तर पन्नाशीतल्या माणसाला पन्नासावा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये याची दखल घेतली, पण हे खरे स्पष्टीकरण नव्हे असे त्यांचे मत होते. त्यांच्या मते तरुणपणी रोज काही नवे घडते आणि ते लक्षात राहते. पुढे दिवस एकासारखे एक होतात आणि मागे वळून पाहताना वर्षाला भरीवपणा उरत नाही. हे अधिक पटण्यासारखे आहे. मोठ्या माणसांना आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले, तर साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग प्रमाणाबाहेर जास्त येतात, हे मानसशास्त्रात वारंवार दिसले आहे. आवडती गाणी पुष्कळदा याच वयातली निघतात. मात्र वयाचा परिणाम फुगवून सांगू नये. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जर्मनी व ऑस्ट्रियातील १४ ते ९४ वयाच्या ४९९ जणांना काळाच्या वेगाबद्दल विचारले होते. गेली दहा वर्षे भरभर गेली असे वयस्कांनी अधिक सांगितले, पण तोही फरक फार मोठा नव्हता.

स्मरणरंजनाला पिढीचे चक्रही असते. जे लहानपणी पाहतात, ते तिशी-चाळिशीत स्वतः निर्माते, लेखक आणि पैसे खर्च करणारे ग्राहक होतात. अमेरिकेत १९७३ च्या 'अमेरिकन ग्राफिटी' या चित्रपटाने १९६२ सालातला तरुणपणा दाखवला. म्हणजे अवघ्या ११ वर्षांत जुना काळ तयार झाला होता. २०१६ मध्ये सुरू झालेली 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका १९८३ पासूनच्या काळात घडते. तिच्या चौथ्या पर्वात वाजलेले केट बुश यांचे १९८५ चे गाणे २०२२ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि ते ऐकणारी कित्येक मुले १९८५ मध्ये जन्मलेलीही नव्हती. मराठीत आणीबाणीच्या काळातली 'शाळा' २०१२ मध्ये आणि सत्तरच्या दशकातली 'दुनियादारी' २०१३ मध्ये पडद्यावर आली.

भारतात या चक्राचा सर्वांत मोठा ठेवा दूरदर्शनचा. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. गच्चीवर चढून अँटेना फिरवणारा एक जण, खाली खिडकीत 'आलं, आलं... गेलं!' ओरडणारा दुसरा, पडद्यावर 'व्यत्यय'ची पाटी आणि दाराबाहेर शेजाऱ्यांच्या चपलांचा ढीग, हे चित्र आता जाहिरातीतही वापरतात. चपलांचा तो ढीग नीट पाहायला हवा. तो होता कारण बहुतेक घरांत टीव्ही नव्हता. उंबऱ्याशी बसलेल्या मुलांची आणि ज्यांना आत घेतलेच नाही त्यांची आठवण या रंजनात क्वचितच येते. 'तेव्हा सगळे मिळून पाहायचे' हे खरेच आहे, पण ते टीव्ही असलेल्या घराच्या बाजूने सांगितलेले खरे आहे.

त्या कार्यक्रमांना ठरलेला वार असे, हेही महत्त्वाचे. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ पासून 'गीतरामायण' आठवड्याला एक गाणे या गतीने वर्षभर चालले. १९८७ मध्ये सुरू झालेले 'रामायण' रविवारी सकाळी लागे. वाट पाहण्याने आठवड्याला आकार येत होता. तीच मालिका २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत पुन्हा दाखवली, तेव्हा ती रोज लागत होती. आज एका रात्रीत अख्खे पर्व संपते आणि ते कोणत्या महिन्यात पाहिले हे नंतर सांगता येत नाही. अलीकडची वर्षे निसटल्यासारखी वाटण्याचे हे एक कारण असावे.

व्यापाराने हे सारे ओळखले आहे. २०१७ मध्ये जुन्या रेडिओच्या रूपात आलेल्या कारवाँ या यंत्रात ५,००० गाणी आधीच भरलेली होती, आणि मुलांनी ते आईवडिलांना भेट म्हणून दिले. जतन मात्र व्यापाराच्या भरवशावर सोडता येत नाही. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' (१९३१) याची एकही प्रत शिल्लक नाही, आणि 'राजा हरिश्चंद्र'ही (१९१३) अपुराच उरला आहे. उलट बालभारतीने 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत खुले केले, आणि ज्यांच्या घरी हे मासिक कधी येत नव्हते त्यांनाही ते वाचता येऊ लागले.