जवळचे दुकान आधी नको: ट्रकच्या फेऱ्या आखण्याचे गणित

‘एआय ट्रकला जवळचा रस्ता शोधून देते’ हे वाक्य हल्ली बातम्यांत सर्रास दिसते. खरे तर दोन ठिकाणांमधला कमीत कमी अंतराचा रस्ता काढायची रीत संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५९ सालीच छापली होती आणि मोबाइलमधला नकाशा आजही त्याच कुळातल्या रीतीवर चालतो. अवघड प्रश्न वेगळा आहे. गंमत म्हणजे तोही १९५९ चाच. पेट्रोलच्या एका मोठ्या साठ्यातून अनेक पंपांना माल पोचवायचा, तर कोणत्या टँकरने कोणते पंप घ्यावेत आणि कोणत्या क्रमाने? डँट्झिग आणि रॅम्सर यांनी त्या वर्षी हा प्रश्न गणितात मांडला.

भिवंडीच्या एखाद्या गोडाऊनमधून ठाणे, मुलुंड, डोंबिवलीकडे निघणाऱ्या गाड्या घ्या. एका गाडीत २० दुकानांचा माल असला, तर त्या दुकानांचे क्रम २४३ वर १६ शून्ये एवढे होतात. सेकंदाला १०० कोटी क्रम तपासणारा संगणक या एका गाडीपायी ७७ वर्षे अडकून पडेल. कोणते दुकान कोणत्या गाडीत, हे तर अजून ठरायचेच आहे. म्हणून सगळे क्रम तपासायच्या फंदात कुणी पडत नाही. आधी एक बरा आराखडा बांधायचा आणि मग तो सुधारत न्यायचा.

गोडाऊनजवळचे दुकान आधी, मग त्याच्या जवळचे, ही रीत कुणालाही सुचते. सकाळी ती छान चालते आणि संध्याकाळी अंगाशी येते. वाटेत सुटलेली एकटीदुकटी दुकाने शेवटी उरतात आणि त्यांच्यासाठी गाडी या टोकाहून त्या टोकाला पळते. १९६४ मध्ये क्लार्क आणि राइट यांनी हिशेब दुसऱ्या बाजूने धरला. सुरुवातीला प्रत्येक दुकानाला वेगळी गाडी दिली असे समजा. अ दुकान गोडाऊनपासून १८ किलोमीटर, ब २० आणि अ ते ब अंतर ५. वेगवेगळ्या फेऱ्यांना ३६ आणि ४० मिळून ७६ किलोमीटर लागतात, एकत्र फेरीला १८ + ५ + २० म्हणजे ४३. बचत ३३. आता गोडाऊनशेजारची क आणि ड दुकाने पाहा: अंतरे ६ आणि ७, आपसांत ३. बचत फक्त १०. म्हणजे आधी जोडायच्या त्या गोडाऊनपासून लांब पण एकमेकांच्या जवळ असलेल्या जोड्या. जवळची दुकाने कुठेही खपून जातात. गाडीचे वजन किंवा जागा भरेपर्यंत सर्वांत जास्त बचतीच्या जोड्या उतरत्या क्रमाने जोडत जायचे, एवढीच ही रीत. शंभर दुकानांचा आराखडा डोळ्याचे पाते लवायच्या आत तयार होतो.

तिची खोड अशी की एकदा जोडलेले ती सोडत नाही. पहिल्या गाड्या सुबक होतात आणि शेवटच्या गाडीच्या वाट्याला उरलासुरला माल येतो. ही खोड ज्या तंत्राने जाते ते या विषयातले माझे सर्वांत लाडके: पाडा आणि पुन्हा बांधा. शॉ यांनी ते १९९८ मध्ये मांडले, रोपके आणि पिसिंगर यांनी २००६ मध्ये त्याला धार लावली. तयार आराखड्यातून समजा १५ टक्के दुकाने उपटायची. कधी एकाच भागातली, कधी सर्वांत महाग पडणारी, कधी नुसती चिठ्ठ्या टाकून. मग ती एकेक करून परत बसवायची. आधी कोणते? ज्याची जागा स्वस्त ते, असे वाटेल. पण समजा उपटलेल्यांपैकी एका, क दुकानाला (वरचे क नव्हे) उत्तम जागेत ४ किलोमीटर जादा लागतात आणि दुसऱ्या क्रमांकाच्या जागेत ५. ख दुकानाला ६, आणि ती जागा हुकली तर १९. क थांबू शकते, त्याचे नुकसान १ किलोमीटरचे. ख ला आत्ताच बसवले नाही तर १३ किलोमीटरचा पस्तावा. म्हणून पस्तावा मोठा असलेला आधी. घरात पाहुणे आले की खाट आधी गुडघेदुखीच्या आजोबांना मिळते, त्यातला हाच विचार.

नवा आराखडा जुन्याहून थोडा वाईट निघाला, तरी सुरुवातीला तो ठेवून घेतात, नाहीतर शोध पहिल्याच टेकडीवर, म्हणजे पहिल्याच बऱ्या आराखड्यावर, अडकून बसतो. ही मोकळीक दर पाडण्या-बांधण्यागणिक कमी करत नेतात, तापवलेला धातू सावकाश निववावा तशी. असे पाडणे-बांधणे काही मिनिटांत हजारो वेळा होते.

हजारो वेळा करायचे, तर प्रत्येक तपासणी झटपट हवी. एखादे दुकान मध्ये घुसवल्याने पुढच्या सगळ्यांच्या वेळा सरकतात. प्रत्येक वेळी शेवटपर्यंत मोजत गेलो तर रात्र सरेल. त्यासाठी फेरी उलटी मोजून ठेवतात. शेवटच्या दुकानात १ वाजेपर्यंत माल उतरवायला सुरुवात झालीच पाहिजे. त्याआधीच्या दुकानात उतरवायला १५ मिनिटे आणि तिथून प्रवास २० मिनिटे, तर तिथली सुरुवात १२:२५ च्या आत हवी. त्या दुकानाची स्वतःची मुदत १२ ची असेल तर १२, म्हणजे दोन्हींपैकी आधीची वेळ. हा ‘उशिरात उशिरा’ आकडा प्रत्येक थांब्यावर लिहून ठेवला, की नवे दुकान घुसवताना फक्त त्याच्या लगेच पुढच्या थांब्याशी ताडून पाहायचे.

इथवर नोंदींवरून स्वतः शिकणारे असे काहीच नव्हते. हे सगळे शोधाचे गणित आहे. शिकणाऱ्या प्रणाली लागतात त्या या गणितात भरायच्या आकड्यांसाठी. १०० दुकाने आणि गोडाऊन मिळून १०१ ठिकाणे, म्हणजे १०,१०० अंतरे. जाण्याची आणि येण्याची वेगळी, कारण एकेरी रस्ते. सरळ रेषेतले अंतर घेऊन त्याला १.३ ने गुणायची पळवाट खाडीपाशी फसते. भाईंदर आणि नायगाव ही रेल्वेची लागोपाठची स्टेशने, पण ट्रकला वरसावे पुलाचा वळसा पडतो. त्यातून सकाळी आठची घोडबंदर रोडवरची वेळ आणि दुपारी दोनची वेळ एक नसते. तासागणिक, वारागणिक हा फरक गाड्यांच्या जीपीएस नोंदींतून शिकता येतो. पत्त्याचेही तसेच. ‘मारुती मंदिरामागे, चक्कीसमोर’ हे नकाशाला कळले नाही, की ठिपका पिनकोडच्या मध्यावर पडतो. आधीच्या फेऱ्यांत गाडी पाच मिनिटांहून जास्त कुठे उभी राहिली, ते पाहून खरा ठिपका सापडतो.

सर्वांत जास्त घोळ माल उतरवायच्या वेळेत होतो. बहुतेक थांबे दहा मिनिटांत उरकतात, पण हमाल नसला किंवा मालक जेवायला गेला की चाळीस लागतात. समजा मध्यक (सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावल्या की मधोमध येणारी) १० मिनिटे आणि सरासरी १४. आराखड्यात मध्यक भरला, तर २० थांब्यांवर मिळून ८० मिनिटे कमी धरली गेली. मध्यकांची बेरीज म्हणजे बेरजेचा मध्यक नव्हे. ही चूक दिसायला क्षुल्लक आहे, पण ‘सॉफ्टवेअर खोटे बोलते’ या ड्रायव्हरच्या तक्रारीमागे अनेकदा तीच असते.

आणि ड्रायव्हरचे ऐकायला हवे. २०२१ मध्ये अॅमेझॉन आणि एमआयटी यांनी एक स्पर्धा घेतली होती. अमेरिकेतल्या पाच शहरपरिसरांतल्या ६,११२ प्रत्यक्ष फेऱ्या देऊन अनुभवी ड्रायव्हरसारखा क्रम लावायला सांगितला होता. पहिले आलेल्या कुक, हेल्ड आणि हेल्सगाउन यांनी खोल न्यूरल जाळी (डीप न्यूरल नेटवर्क, म्हणजे आजच्या एआयचे मुख्य हत्यार) वापरलीच नाहीत. एक भाग संपवून पुढच्या भागात जायच्या ड्रायव्हरच्या सवयी त्यांनी नोंदींमधून नियमांच्या रूपात काढल्या आणि उरलेले काम जुन्याच शोधगणितावर सोपवले. ‘एआय लावा, डिझेल वाचवा’ म्हणत येणाऱ्या विक्रेत्याला म्हणूनच एवढेच विचारावे: बचत कशाच्या तुलनेत? त्याच दिवसाच्या त्याच मालाच्या पावत्या, त्याच गाड्या आणि दुकानांच्या त्याच वेळा घेऊन तुमच्या डिस्पॅचरच्या, म्हणजे रोज गाड्या आखणाऱ्या माणसाच्या, आराखड्याशी ताडून दाखवली नसेल, तर त्या आकड्याचे मोल बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीइतकेच.

दुपारी रस्ता तुंबला की क्रम बदलायचा मोह होतो. पण आधी उतरवायचा माल फाळक्याशी आणि शेवटचा केबिनला टेकून रचलेला असतो. नववे दुकान तिसरे केले, तर भर रस्त्यात सहा दुकानांचा माल काढून परत चढवावा लागेल. चांगली प्रणाली गाडी भरल्यावर एवढ्यालाच मुभा देते: शेजारच्या दोन थांब्यांची अदलाबदल, किंवा एखादा थांबा सोडून त्याचा माल उद्यासाठी परत आणणे.